नौदल सिम्युलेशन: क्षेपणास्त्रे आणि टॉर्पेडो यांच्यापासून बचाव

दर्यावर्दी

'कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स', 'कोल्ड वॉटर्स', 'सी पॉवर' किंवा जुने 'डेंजरस वॉटर्स' हे संगणकीय खेळ खेळणारी मंडळी हल्ल्याच्या डावपेचांवर भरभरून बोलतात, पण बचावाचा विषय निघाला की चर्चा 'चॅफ (रडारला फसवणारे धातूचे तंतू) सोडा आणि जोरात वळा' एवढ्यावर आटोपते. मला या विषयाबद्दल मनापासून आस्था आहे, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे की बचाव हा मुळात वेळेचा हिशेब आहे. रडार, चॅफ, तोफा, वळणे, नौकांमधले अंतर या प्रत्येक गोष्टीकडे 'यामुळे मला किती सेकंद मिळाले' या एकाच प्रश्नातून पाहिले, तर खेळात काय करावे आणि काय करू नये याची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

आधी क्षितिजापासून सुरुवात करू. रडारचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढायचे असेल, तर अँटेनाच्या उंचीचे आणि लक्ष्याच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ घ्यावे, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला साधारण ४.१२ ने गुणावे. डोलकाठीवरचे रडार २५ मीटर उंचीवर आहे आणि क्षेपणास्त्र पाण्यालगत ५ मीटरवरून येत आहे, असे धरले तर उत्तर सुमारे ३० किलोमीटर येते. रडार कितीही शक्तिशाली असले तरी त्या पलीकडचे त्याला दिसत नाही, कारण मध्ये पृथ्वीची वक्रता येते. एक्झोसे किंवा हार्पूनसारखे ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाचे क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर कापते, म्हणजे हातात १०० सेकंद आहेत. ध्वनीच्या अडीचपट वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेच अंतर ३५ सेकंदांत कापते.

आता या सेकंदांचा खर्च मांडू. ओळख पटवून पहिले प्रतिक्षेपणास्त्र सुटेपर्यंत १० सेकंद गेले, आपल्या प्रतिक्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला ९०० मीटर आहे आणि मारा झाला की चुकला हे कळायला ५ सेकंद लागतात, असे समजू. मंद क्षेपणास्त्राशी पहिली गाठ २० किलोमीटरवर पडते, दुसरी १४ वर, तिसरी साडेनऊच्या आसपास आणि चौथी सहाच्या जवळ. म्हणजे 'मारा, पाहा, पुन्हा मारा' असे निदान चार वेळा करता येते. वेगवान क्षेपणास्त्राशी पहिली गाठ थेट ११ किलोमीटरवर पडते, दुसरी साडेतीनवर, आणि तिथे हिशेब संपतो. शत्रूच्या क्षेपणास्त्राचा वेग पावणेतीन पटींनी वाढला की आपल्या संधी चारावरून दोनावर येतात. माझ्या मते खेळातील बचावाचा निम्मा अभ्यास या एका उदाहरणात आहे.

पुढचा मुद्दा सज्जतेचा. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'स्टार्क' फ्रिगेटवर इराकी विमानाने दोन एक्झोसे डागली आणि ३७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. जवळून बचाव करणारी फॅलँक्स तोफ नौकेवर होती, पण ती स्वयंचलित स्थितीत नव्हती. १४ जुलै २००६ रोजी लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ इस्रायलची 'हनित' हीसुद्धा बचावयंत्रणा बंद असतानाच सापडली आणि तिच्यावरचे चौघे गेले. 'कमांड'मध्ये शस्त्रवापराची परवानगी 'रोखलेली' ठेवून आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पाहत बसलो, तर नेमके हेच घडते. त्यामुळे परिदृश्य उघडल्यावर घड्याळ सुरू करण्याआधी प्रत्येक नौकेची शस्त्रनीती स्वतः वाचून घ्यावी.

जाणकारांनी आपापल्या अनुभवातून भर घालावी. पाणबुडीच्या बाजूने लिहिणारे कोणी असेल तर विशेष आनंद होईल, कारण टॉर्पेडोचा हिशेब वेगळा असतो.

गोदाकाठ

लेख अतिशय आवडला, विशेषतः संधी मोजण्याची पद्धत. मी 'सी पॉवर'मध्ये नवीन आहे. माझी अडचण चॅफची आहे. क्षेपणास्त्र दिसताच मी चॅफ सोडतो, तरीही नौका कधी वाचते आणि कधी बुडते, आणि दोन्ही वेळी कारण कळत नाही. चॅफ नेमके केव्हा सोडावे आणि सोडल्यावर नौका कोणत्या दिशेने न्यावी?

शांत_सागर

गोदाकाठ, प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर 'केव्हा' या शब्दातच आहे. चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेले बारीक तंतू. हवेत पसरले की ते रडारला मोठ्या लक्ष्यासारखे दिसतात. त्यांचा उपयोग दोन अगदी वेगळ्या प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात क्षेपणास्त्राचे शोधक रडार सुरू होण्याआधीच नौकेपासून दूर, एक-दोन किलोमीटरवर, चॅफचे ढग उभे केले जातात, म्हणजे रडार उघडताच त्याला एकाऐवजी चार-पाच लक्ष्ये दिसतात. दुसऱ्या प्रकारात क्षेपणास्त्राने नौकेला पकडलेलेच असते. तेव्हा ढग नौकेच्या अगदी जवळ, त्याच्या पकडीच्या चौकटीत उमलावा लागतो आणि मग नौकेने त्या चौकटीतून हळूच बाहेर सरकायचे असते. पहिल्या प्रकारचा ढग उशिरा सोडला तर क्षेपणास्त्र त्याच्याकडे पाहतही नाही. दुसऱ्या प्रकारचा ढग लवकर सोडला तर तो वाऱ्याने निघून जातो.

यातला विसरला जाणारा घटक म्हणजे वारा. ढग वाऱ्याबरोबर सरकतो, म्हणून नौकेने वाऱ्याच्या दिशेला आडवे किंवा विरुद्ध जावे, जेणेकरून दोघांमधले अंतर वाढत राहील. मात्र त्याच वेळी क्षेपणास्त्राला आपली लांब बाजू दाखवू नये, कारण आडव्या नौकेचे रडार-प्रतिबिंब ढगापेक्षा मोठे होते. या दोन गरजा अनेकदा परस्परांच्या विरोधात जातात आणि तिथेच खेळाडूचा निर्णय लागतो. क्षेपणास्त्र वाऱ्याच्या बाजूने येत असेल तर मी स्वतः लहान प्रतिबिंबाला प्राधान्य देतो.

प्रत्यक्ष इतिहासात चॅफचे सर्वात मोठे यश ७ ऑक्टोबर १९७३ च्या रात्री सीरियातील लाताकियाजवळ दिसले. सीरियाच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांचा पल्ला इस्रायलच्या गॅब्रिएल क्षेपणास्त्राच्या दुपटीहून अधिक होता. इस्रायली नौकांनी चॅफ आणि रडार-गोंधळ यांच्या साहाय्याने सीरियाला दुरूनच आपला साठा रिकामा करायला लावला. एकही स्टिक्स लागले नाही. मग त्या जवळ गेल्या आणि सीरियाच्या पाच नौका बुडाल्या. केवळ सहा वर्षांपूर्वी, २१ ऑक्टोबर १९६७ रोजी, याच स्टिक्सने पोर्ट सैदजवळ 'एलात' ही विनाशिका बुडवली होती आणि ४७ जण गेले होते. क्षेपणास्त्र तेच होते. बदलली होती ती समोरच्याची तयारी.

चॅफची दुसरी बाजूही सांगायला हवी. २५ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश युद्धनौकांच्या चॅफने भुललेली एक्झोसे क्षेपणास्त्रे पुढे जाऊन 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर आदळली. त्यावर चॅफ नव्हते. १२ जण दगावले आणि चिनूक हेलिकॉप्टरे समुद्रात गेली. भुललेले क्षेपणास्त्र नष्ट झालेले नसते, ते फक्त दुसरे लक्ष्य शोधत असते. म्हणून ताफ्यात चॅफ सोडताना ढगाच्या पलीकडे आपलीच कोणती नौका आहे हे नकाशावर पाहावे.

अणुरेणू

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी त्यात संभाव्यतेची बाजू जोडतो, कारण 'कमांड'च्या संदेश-नोंदीत प्रत्येक माऱ्याची शक्यता आणि पडलेला आकडा स्पष्ट दिसतो, पण खेळाडू तो वाचत नाहीत.

समजा, आपल्या प्रतिक्षेपणास्त्राची यशाची शक्यता ७० टक्के आहे आणि आठ क्षेपणास्त्रे येत आहेत. प्रत्येकावर एकच मारा केला तर आठही पडण्याची शक्यता ०.७ चा आठवा घात, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. प्रत्येकावर दोन मारे केले तर एकेक क्षेपणास्त्र पडण्याची शक्यता ९१ टक्के होते. ऐकायला हे सुरक्षित वाटते, पण आठही पडण्याची शक्यता तरीही ४७ टक्केच राहते. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा निदान एक तरी आत शिरणार. उत्तम बचावाची नौकासुद्धा मोठ्या साल्व्होपुढे (एकदम सोडलेल्या अनेक क्षेपणास्त्रांपुढे) का हरते, याचे कारण या घातांकात आहे. अमेरिकी नौदल अधिकारी वेन ह्यूज यांच्या साल्व्हो प्रारूपाचा गाभाही हाच: आलेल्या क्षेपणास्त्रांतून अडवता येण्याजोगी वजा करा, आणि जी उरतील तीच नुकसान करतात. बचावाची क्षमता ओलांडली गेली की त्यापुढचे प्रत्येक क्षेपणास्त्र पूर्ण किमतीने लागते.

दुसरी मर्यादा लक्ष्यावर रडारचा झोत टाकणाऱ्या वाहिन्यांची. एसएम-२ सारख्या प्रतिक्षेपणास्त्राला शेवटच्या टप्प्यात लक्ष्यावर रडारचा झोत लागतो. टिकाँडेरोगा वर्गाच्या क्रूझरवर असे चार झोत आहेत, तर आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेवर तीन. एकाच क्षणी आठ क्षेपणास्त्रे अंतिम टप्प्यात असतील तर रांग लागतेच. म्हणून शस्त्रनीतीत 'प्रत्येक लक्ष्यावर दोन' हा आकडा सरसकट ठेवू नये. दुरून येणाऱ्या मंद क्षेपणास्त्रावर एक मारून निकाल पाहावा, कारण दर्यावर्दी यांनी दाखवल्याप्रमाणे तिथे चार संधी आहेत. वेगवान क्षेपणास्त्रावर मात्र सुरुवातीलाच दोन सोडावीत, कारण तिथे निकाल पाहण्याची चैन परवडत नाही. लढाई लांबणार असेल तर साठ्याचाही विचार करावा, कारण उभ्या नळ्यांतली क्षेपणास्त्रे समुद्रात सहसा पुन्हा भरता येत नाहीत.

फॅलँक्सवर फार विसंबू नये. सुरुवातीच्या आवृत्तीत ९८९ गोळ्या आणि मिनिटाला ३००० चा वेग, म्हणजे अखंड मारा केला तर सुमारे २० सेकंदांचा दारूगोळा. तिचा परिणामकारक पल्ला दीड किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तेवढ्या जवळ फुटलेल्या क्षेपणास्त्राचे तुकडे व इंधन त्याच वेगाने नौकेवर येतात.

दर्यावर्दी

शांत_सागर आणि अणुरेणू, दोघांचेही आभार. अणुरेणू यांच्या आकडेमोडीवरून निघणारा निष्कर्ष मी असा मांडेन की साल्व्हो अडवण्यापेक्षा तो सुटूच न देणे किंवा चुकीच्या जागी सुटू देणे अधिक स्वस्त पडते. इथे प्रश्न येतो आपले रडार चालू ठेवण्याचा.

आपल्या रडारचा प्रक्षेप शत्रूच्या कानी जितक्या अंतरावरून पडतो, त्याच्या अर्ध्याहून कमी अंतरावरच आपल्याला परत प्रतिध्वनी मिळतो. म्हणून नवखे खेळाडू सर्व काही बंद ठेवतात आणि मग क्षेपणास्त्र आले तेव्हा आंधळे असतात, किंवा सर्व काही चालू ठेवतात आणि ताफ्याचा पत्ता जाहीर करतात. मला पटलेला मार्ग असा: ताफ्याच्या मुख्य नौका गप्प राहाव्यात, निष्क्रिय ऐकण्याची साधने सतत उघडी असावीत आणि शोधाचे काम ताफ्यापासून बऱ्याच अंतरावरच्या विमानाने किंवा हेलिकॉप्टरने करावे. ८००० मीटरवरच्या रडारला तेच पाण्यालगतचे क्षेपणास्त्र सुमारे ३७५ किलोमीटरपर्यंत दिसू शकते. १०० सेकंदांचे वीस मिनिटे करणारे दुसरे कोणतेही साधन खेळात नाही. फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिशांकडे असे विमान उरले नव्हते, आणि त्या युद्धातल्या बऱ्याच हानीचे मूळ तिथे आहे. भारतीय नौदलाची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरे याच कामासाठी आहेत. 'कमांड'मध्ये भारतीय ताफा घेऊन खेळणाऱ्यांनी ती हवेत ठेवल्याशिवाय एक मैलही पुढे जाऊ नये.

निष्क्रिय ऐकण्याचे महत्त्व ४ मे १९८२ रोजी दिसले. अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानांनी क्षणभर रडार लावले, ते ब्रिटिश 'ग्लासगो'च्या साधनाने पकडले आणि तिने चॅफ सोडले. 'शेफील्ड' त्या वेळी उपग्रह-संपर्कात होती. त्या प्रक्षेपणामुळे तिचे ऐकण्याचे साधन बोथट झाले होते. तिला एक्झोसे लागले आणि २० जण गेले. दोघी एकाच वर्गाच्या विनाशिका होत्या.

अवांतर: क्षेपणास्त्र लागणारच असेल तर ते कुठे लागावे हेही काही अंशी आपल्या हाती असते. १२ जून १९८२ रोजी किनाऱ्यावरून डागलेले एक्झोसे येताना दिसताच ब्रिटिश विनाशिका 'ग्लॅमॉर्गन'ने वेगात वळून त्याला आपली मागची बाजू दिली. नौका कललेली असल्यामुळे ते बाजूच्या पोलादात खोल न शिरता डेकच्या कडेला आदळले. नुकसान मोठे झाले, चौदा जण दगावले, पण नौका स्वतःच्या बळावर तरंगत राहिली. 'सी पॉवर'मध्ये नुकसान विभागवार मोजले जाते, त्यामुळे हे वळण खेळातही करून पाहण्यासारखे आहे.

खोलपाणी

टॉर्पेडोबद्दल लिहितो. 'कोल्ड वॉटर्स' माझा आवडता खेळ आहे आणि त्यात बचाव शिकल्याशिवाय एकही मोहीम पूर्ण होत नाही.

क्षेपणास्त्र आणि टॉर्पेडो यांत मूलभूत फरक असा की टॉर्पेडोचा वेग बहुधा आपल्या वेगाच्या दुपटीहूनही कमी असतो. त्यामुळे पळणे हा इथे खरा बचाव आहे. शत्रूने ८ किलोमीटरवरून ४५ नॉटचा (तासाला ४५ सागरी मैल वेगाचा) टॉर्पेडो सोडला आणि आपला वेग २८ नॉट आहे, असे धरा. त्याच्याकडे तोंड करून चालत राहिलो तर साडेतीन मिनिटांत गाठ पडते. पाठ फिरवली तर फरक फक्त १७ नॉटचा उरतो, गाठ पडायला पंधरा मिनिटे लागतात आणि तोवर टॉर्पेडोला २१ किलोमीटर धावावे लागते. त्याचा पल्ला १५ किलोमीटर असेल तर तो वाटेतच थांबतो. म्हणून टॉर्पेडोचा आवाज कानी पडताच पहिला प्रश्न 'तो किती दूर आहे' हाच असावा. दूर असेल तर पाठ फिरवून पूर्ण वेग. जवळ असेल तर पळण्यात अर्थ नाही, मग फसवावेच लागते.

फसवण्याचा क्रम असा. टॉर्पेडो दीड-दोन किलोमीटरवर आला की नॉइजमेकर (पाण्यात बुडबुडे आणि आवाज करणारे फसवे साधन) सोडावा, लगेच जोरात वळून त्या बुडबुड्यांच्या आडोशाला यावे आणि त्याच वेळी खोली बदलावी. नुसते वळणे किंवा नुसता नॉइजमेकर पुरत नाही, कारण टॉर्पेडो बुडबुडे ओलांडून गेला की पुन्हा शोध सुरू करतो. त्याने शोध सुरू केला तेव्हा आपण त्याच्या शोधाच्या शंकूबाहेर असलो पाहिजे. नवशिके नॉइजमेकर सोडून त्याच रेषेत पुढे पळतात आणि टॉर्पेडोला पलीकडे पोहोचताच पुन्हा तेच लक्ष्य समोर सापडते. नॉइजमेकरचा साठा मोजका असतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून दोन टॉर्पेडो मागोमाग येत असतील तर पहिल्यावर सगळा साठा उधळू नये.

आता थर. समुद्राचा वरचा भाग उबदार आणि खालचा गार असतो. जिथे तापमान झपाट्याने उतरते, तिथे पाण्यात तिरकी घातलेली काठी वाकडी दिसावी तसा ध्वनीचा मार्ग वाकतो. थराच्या वरचा सोनार (ध्वनीने शोध घेणारे साधन) खालच्या पाणबुडीला नीट ऐकू शकत नाही. टॉर्पेडो थराच्या एका बाजूला शोध घेत असेल तर आपण दुसऱ्या बाजूला जावे. यात आणखी एक लाभ आहे. खोलीवर पाण्याचा दाब वाढतो, म्हणून पंख्याभोवती बुडबुडे फुटून होणारा आवाज जास्त वेगापर्यंत सुरू होत नाही. वरच्या पाण्यात १० नॉटला ओरडणारी पाणबुडी खोलवर बऱ्याच अधिक वेगाने गुपचूप जाऊ शकते. मात्र थर नावापुरता असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. खेळाच्या पडद्यावर त्याची तीव्रता दिसते, ती आधी वाचावी.

माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे ते आता. टॉर्पेडो ज्या दिशेने आला, त्या दिशेला ताबडतोब एक टॉर्पेडो सोडावा, लक्ष्य दिसत नसले तरी. तो लागावा ही अपेक्षा नाही. शत्रूचा टॉर्पेडो तारेने बांधलेला असेल, तर शत्रू तिकडून त्याला दिशा देत असतो. आपला टॉर्पेडो अंगावर येताना पाहून त्याला तार तोडून पळावे लागते, आणि मग त्याचा टॉर्पेडो स्वतःच्या मर्यादित कानांवर येतो. क्षेपणास्त्राच्या युद्धात हे शक्य नसते. पाण्याखाली मात्र हल्ला हाच बचावाचा पहिला भाग आहे.

कोकणी_नाखवा

खोलपाणी यांचा प्रतिसाद पाणबुडीसाठी अचूक आहे, पण पृष्ठभागावरच्या नौकेची स्थिती अधिक बिकट असते. तिला खोली बदलता येत नाही आणि बहुधा टॉर्पेडो सुटल्याचे कळतच नाही. त्यामुळे तिचा बचाव टॉर्पेडो सुटण्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवा.

आपल्या किनाऱ्याजवळचे उदाहरण प्रत्येकाला माहीत आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'खुकरी' आणि 'किरपाण' या फ्रिगेट पाकिस्तानच्या 'हंगोर' या दाफ्ने वर्गाच्या पाणबुडीचा शोध घेत होत्या. 'हंगोर'ने आधी 'किरपाण'वर टॉर्पेडो सोडला, तो वाया गेला. दुसरा 'खुकरी'ला लागला आणि ती काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आदराने आणि दुःखाने हे लिहीत आहे. 'कमांड'मध्ये अशी परिस्थिती उभी केली की त्यातले भूमितीय सत्य लगेच समोर येते: शोधणाऱ्या नौकेच्या सोनारचा नाद पाणबुडीपर्यंत एकेरी प्रवास करून पोहोचतो, तर नौकेला उत्तर मिळण्यासाठी तोच नाद जाऊन परत यावा लागतो. म्हणून पाणबुडीला आपण दिसतो तेव्हा आपल्याला ती दिसत नसते. मंद, ठरावीक वेगाने आणि ठरावीक आराखड्यात फिरणारी नौका तिच्यासाठी सोपी गोष्ट असते, कारण टॉर्पेडोचा कोन काढायला वेग आणि दिशा स्थिर असणे एवढेच तिला हवे असते.

यावरून मी चार सवयी पाळतो. पहिली, हेलिकॉप्टर पुढे पाठवून सोनार पाण्यात त्याने बुडवावा. त्याच्यावर टॉर्पेडो सुटत नाही. दुसरी, नौका काही काळ वेगाने पळवावी आणि मग अगदी मंद करून ओढलेल्या सोनारने ऐकावे. तिसरी, वेग आणि दिशा अनियमित अंतराने बदलत राहावी. चौथी, आवाज करणारे फसवे यंत्र मागे ओढत ठेवावे. अमेरिकी नौदलात ते निक्सी या नावाने आहे, आपल्याकडे डीआरडीओने मारीच ही प्रणाली विकसित केली आहे. याची परंपरा दुसऱ्या महायुद्धातली आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन यू-बोटींनी आवाजाचा माग काढणारे टॉर्पेडो मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली, तेव्हा मित्रराष्ट्रांनी फॉक्सर नावाचे खडखडाट करणारे लोखंडी यंत्र नौकांमागे ओढायला घेतले. त्याचा तोटा असा की त्याच खडखडाटात नौकेचे स्वतःचे सोनार बहिरे होते. हा सौदा आजच्या खेळांतही तसाच आहे, म्हणून शोध घेताना ते बंद आणि धोका निश्चित झाल्यावर चालू, असा क्रम ठेवावा.

किनारा

सर्व प्रतिसाद वाचून एका बाबतीत मतभेद नोंदवतो. खोलपाणी यांनी लिहिले नसले तरी 'कोल्ड वॉटर्स'मध्ये बहुतेक जण जोराच्या वळणाने पाण्यात उठणाऱ्या भोवऱ्यावर फार विसंबतात. पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूला टाकले की मागे खळबळलेल्या पाण्याचा एक डाग तयार होतो आणि खेळातला टॉर्पेडो त्याला वारंवार फसतो. खळबळलेल्या पाण्यातून प्रतिध्वनी मिळतो हे खरे आहे. पण स्थिर डाग आणि हलते लक्ष्य यांच्या प्रतिध्वनीच्या सुरात फरक असतो आणि आधुनिक टॉर्पेडो तो फरक ओळखतात. जो खेळाडू या एकाच युक्तीवर मोहीम जिंकतो, तो 'डेंजरस वॉटर्स'मध्ये गेला की पहिल्याच लढाईत अडचणीत येतो. माझ्या मते भोवरा हा नॉइजमेकरचा जोडीदार म्हणून वापरावा, त्याचा पर्याय म्हणून नव्हे.

खोलपाणी

किनारा यांच्याशी सहमत आहे. त्यात एवढेच जोडतो की सुरातल्या त्या फरकाचा उपयोग आपल्यालाही होतो. सक्रिय सोनार लावलेल्या टॉर्पेडोला आपण आडवे झालो तर आपला त्याच्या दिशेचा वेग जवळजवळ शून्य होतो आणि आपल्या प्रतिध्वनीचा सूर आजूबाजूच्या पाण्यासारखाच येतो. आडवे झाल्याने प्रतिबिंब मोठे होते हे खरे, म्हणून हे नॉइजमेकरच्या आडोशाला असतानाच करावे. खेळातल्या १९८४ च्या मोहिमेत मला याचा लाभ झालेला आहे.

गोदाकाठ

चर्चेतून खूप शिकायला मिळाले. शांत_सागर यांच्या सांगण्याप्रमाणे वारा पाहून वळू लागल्यापासून निकाल स्पष्ट बदलला आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. ताफ्यातील नौकांमध्ये किती अंतर ठेवावे? आणि नौकेच्या मागच्या फेसाचा माग काढणाऱ्या टॉर्पेडोवर यांपैकी काय चालते?

शांत_सागर

पहिल्या शंकेला एकच आकडा देता येणार नाही. क्षेपणास्त्राचा धोका मोठा असेल तर बचावाच्या नौका मुख्य जहाजाच्या इतक्या जवळ हव्यात की त्यांची प्रतिक्षेपणास्त्रे त्याच्या बाजूने येणाऱ्या लक्ष्यापर्यंत पोहोचतील. पण एवढ्याही जवळ नकोत की एकीच्या चॅफने दुसरीची तोफ फसेल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी कुवेतच्या किनाऱ्याजवळ 'मिसुरी' या युद्धनौकेच्या रोखाने इराकी सिल्कवर्म क्षेपणास्त्र आले. ब्रिटिश 'ग्लॉस्टर'ने ते सी डार्ट प्रतिक्षेपणास्त्राने पाडले, पण 'मिसुरी'ने सोडलेल्या चॅफवर 'जॅरेट' फ्रिगेटच्या स्वयंचलित फॅलँक्सने मारा केला आणि काही गोळ्या थेट 'मिसुरी'वर गेल्या. 'सी पॉवर'मध्ये मी संरक्षक नौका धोक्याच्या दिशेला चार ते सहा सागरी मैल पुढे आणि चॅफ वाऱ्याने ज्या बाजूला जाईल ती बाजू मोकळी, अशी रचना ठेवतो. पाणबुडीचा धोका मोठा असेल तर हे अंतर वाढवावे लागते. दोन्ही धोके एकत्र असतील तेव्हा मी क्षेपणास्त्राची रचना कायम ठेवून पाणबुडीचे काम हेलिकॉप्टरांवर सोपवतो.

दर्यावर्दी

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो. फेसाचा माग काढणारा टॉर्पेडो, उदाहरणार्थ सोव्हिएत ५३-६५, नौकेचा आवाज ऐकत नाही. तो नौकेमागच्या बुडबुड्यांच्या पट्ट्यात शिरतो आणि त्याची कडा ओलांडली की पुन्हा आत वळतो, असा नागमोडी पुढे सरकत येतो. त्यामुळे ओढलेले आवाजी यंत्र त्याला फसवत नाही. वेग कमी केला तरी आधीचा पट्टा पाण्यात बराच वेळ टिकून राहतो आणि तोच त्याला आपल्यापर्यंत आणतो. नागमोडी चालीमुळे त्याचा प्रत्यक्ष पुढे सरकण्याचा वेग मात्र घटतो, म्हणून खोलपाणी यांचा पळण्याचा हिशेब इथे अधिकच लागू पडतो: तो दूर असताना कळले तर पूर्ण वेगाने पाठ फिरवणे हेच उत्तर. जवळ आला असेल तर आरबीयू-६००० सारखे रॉकेट-प्रक्षेपक असलेल्या नौकेने त्याच्या वाटेत स्फोट घडवून पाहावेत. आपल्या नौदलाच्या अनेक युद्धनौकांवर ते प्रक्षेपक आहेत, त्यामुळे भारतीय ताफा निवडणाऱ्यांना हा मार्ग उपलब्ध आहे.

आणखी एक व्यावहारिक सूचना, जी सर्वच खेळांना लागू आहे. खेळाचे घड्याळ वेगाने पळवत असताना पहिला अनोळखी संपर्क दिसला की घड्याळ तत्क्षणी मूळ गतीवर आणावे, आणि शक्य असेल तिथे असा संपर्क येताच खेळ आपोआप थांबेल अशी व्यवस्था लावून ठेवावी. पंधरापट गतीवर १०० सेकंदांची संधी सात सेकंदांत संपते, आणि वर मोजलेल्या चारही संधी तेवढ्यात निघून जातात.